बुडावरचं लाल अक्षर

फ्रिस्को, ८ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप मोहनदादास,

मृणालिनीचा नमस्कार. तीन वर्षांनी माझं अक्षर बघून आधी चष्मा पुसशील. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इकडे अजून उकडतंय. तुझ्या भाच्याला, ओजसला, जवळच नोकरी लागली.

रिटायर झाल्यावर तुझ्या मेहुण्याने, संजयने, एक छंद लावून घेतला, माझ्या डोक्याला ताप. एक जुनी लष्करी रायफल आणि बंदुकांच्या प्रदर्शनातून आणलेला, फौजेने मोडीत काढलेल्या गोळ्यांचा डबा. खंडेनवमीला मी सुऱ्या, त्याचा ड्रिल आणि ती रायफल पाटावर मांडली. गोळ्यांनाही हळदकुंकू वाहिलं. नंतर पुसताना पाच गोळ्यांच्या बुडावरच्या कोरीव अक्षरात कुंकू अडकून राहिलं आणि एक क्यू लालभडक उठून दिसला. बाकीच्यांवर तो नव्हता.

संजय म्हणाला, "हे काहीतरी ऑड आहे यार. दादांना फोटो पाठव. आयुष्यभर दारूगोळाच इन्स्पेक्ट केलाय त्यांनी. ते ओके म्हणाले तरच शनिवारी फायरिंग रेंजवर नेतो."

मी फोटो काढला. पाठवला नाही. आईच्या दहाव्याला तू म्हणाला होतास, "यायला जमलं नाही ना, मग आता फोनही करू नकोस." पाच गोळ्यांसाठी मीच आधी का वाकायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. संजयने संध्याकाळी विचारलं तेव्हा सांगून टाकलं, "दादा म्हणाला, नेहमीच्याच आहेत."

शनिवारी रायफल त्याच्या तोंडाशी फुटली. उजवा डोळा गेला, दादा.

रेंजवरच्या माणसाने ओजसला समजावलं, की क्यू कोरलेल्या गोळीत मुद्दाम जादा दारू भरतात, रायफल जोर सोसते का ते बघायला. रायफल घट्ट बांधून लांबून दोरीने चाप ओढतात. हातात धरून कोणी झाडत नाही. हे तू मला एका मिनिटात सांगितलं असतंस. काल भाताला पाणी किती घालायचं तेच आठवेना.

संजय तुझ्यावर रागावलेला नाही. "सत्तरीत माणूस चुकतो, त्यांना कोणी काही बोलायचं नाही," असं त्याने ओजसला बजावलंय. भाऊबीजेला तो तुला फोन करणार आहे, माफ केलंय म्हणून सांगायला.

त्याआधी खरं सांगायचं असं मी रोज ठरवते. नाहीच जमलं, तर त्याच्या फोनवर तू मला पाठीशी घालू नकोस. यंदाची ओवाळणी तेवढीच दे.

तुझं नाव खोटं वापरलेली,
मृणाल