डाव्या बाजूचा दिवा

२ डिसेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा! राजाभाऊ विमानतळावर डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन उभे होते. पार्किंगमध्येच उभ्याउभ्या खाल्ली. कतारमधला पहिला घास करमाळ्याच्या चवीचा निघाला. राजाभाऊ आमच्याच तालुक्याचे, मेसईदच्या खत कारखान्यात अठरा वर्षं फोरमन. माझी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची नोकरी त्यांच्याच शब्दावर झाली. कंपनीची घरं सध्या भरलेली आहेत, म्हणून मला अल हिलाल या वस्तीत एका व्हिलाच्या मागच्या अंगाची खोली मिळाली. एक पलंग, एक शेगडी, थंडगार एसी, आणि अंगणात चक्क बोरीचं झाड.

राजाभाऊंनी आपली जुनी पांढरी जीपही देऊन टाकली. "वापर रे भागवत, दारात उभी राहून सडतीय," म्हणाले. ते गेलं वर्षभर तिला हात लावत नाहीत, कंपनीच्या बसने जातात. मस्कतला चार वर्षं काढल्यामुळे माझं तिथलं लायसन इथे लगेच बदलून मिळेल. घरी बायकोला, शालूला, व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. तिने विचारलं, एवढी मोठी गाडी एकट्याला कशाला?

१२ डिसेंबर, गुरुवार

गाडी नावावर करायची तर तपासणी पास व्हावी लागते. नापास झाली. दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्यात, डाव्या दिव्यात तर आतून पाण्याचे थेंब. नवीन जोडी घेण्यापेक्षा स्वतःच उघडून, साफ करून परत सील करायचं ठरवलं. आपला हात तसल्याच कामावर बसलेला आहे. शिवाय शुक्रवार घालवायला काहीतरी हवं. बाकीच्या भाडेकरूंशी दारात हिंदीतून दोन शब्द होतात, पुढे गाडी जात नाही. कारखान्यात हिंदी आणि इंग्रजी. राजाभाऊंचा फोन आला नाही तर दिवसभर तोंडून मराठी निघत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बंपर सैल करून दोन्ही दिवे काढले. अंगणात सतरंजी टाकली, चहाचा थर्मास शेजारी. उजवा दिवा हीट गनने कडेकडेने गरम केला. कंपनीचा काळा चिकट गोंद गुळाच्या पाकासारखा सैल झाला आणि काच अलगद सुटली. पॉलिश पेपरने घासून पिवळेपणा काढला, खाचेतला जुना गोंद खरवडला, नवी गोंदाची दोरी बसवली, काच दाबून चिमटे लावले. अगदी नव्यासारखा!

डावा मात्र कंपनीचा सीलबंद नव्हता. तो आधी कुणीतरी उघडलेला. काच दुसऱ्याच दिव्याची, आणि बाथरूमला लावतात ते पांढरं सिलिकॉन भसाभसा भरलेलं, त्यावर बोटांचे ठसे. काम घाईघाईत उरकलेलं दिसत होतं. तासभर खपून काच काढली.

आत, रिफ्लेक्टरच्या मागे खालच्या कोपऱ्यात, जाड निळ्या कापडाचा तुकडा होता. त्यावर नारिंगी चमकती पट्टी, एक टिचबटण. आणि केस. काळे-पांढरे सात-आठ केस, वाळून तपकिरी झालेल्या कशाला तरी चिकटलेले.

मी आधी कुत्रं असेल म्हणालो. मोठ्याने म्हणालो, मराठीत, एकटाच. पण कुत्र्याच्या अंगावर कापड कुठून येणार? सगळं एका पिशवीत ठेवलं. काच नुसती टेपने बसवली आणि दोन्ही दिवे परत गाडीला जोडून टाकले.

१६ डिसेंबर, सोमवार

पहाटे पाचला निघालो. वकरा गावाच्या पुढे दाट धुकं. वेग कमी केला. डाव्या दिव्याच्या उजेडात रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा दिसला. निळा कपडा, नारिंगी पट्टी, एक हात वर. मी बाजूने गेलो. आरशात पाहिलं तर रस्ता मोकळा.

मजूर असेल, बसची वाट बघत असेल. पण तिथे थांबा नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

आज पुन्हा तोच. लांबच गाडी थांबवून उतरलो आणि मुद्दाम डावा दिवा हाताने झाकून पाहिला. उजव्याच्या उजेडात नुसती वाळू. हात काढला तर तो होता, परवापेक्षा रस्त्याच्या जास्त आत.

परत येताना सिग्नलला एक कामगारांची बस शेजारी उभी राहिली. सगळ्यांच्या अंगात तोच निळा, तीच पट्टी. बस बिरकत अल अवामेरला, कामगारांच्या वस्तीकडे वळली.

२० डिसेंबर, शुक्रवार

न राहवून बिरकतला गेलो. त्या रंगाचे कपडे दोरीवर वाळत होते तिथे विचारत फिरलो. इब्राहीम नावाचा म्हसळ्याचा सुतार भेटला. मी मराठी बोलतोय हे कळल्यावर त्याने आत बसवून काळा चहा दिला. मी बिचकत विचारलं, तुमच्यातलं कोणी हरवलंय का? त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "सुदाम. बीडकडचा. माझ्या वरच्या बर्थवर झोपायचा."

गेल्या जानेवारीत एका धुक्याच्या पहाटे सुदामची बस चुकली. साइट जवळच म्हणून चालत निघाला. पोचलाच नाही. मालकाच्या माणसाने कागदावर लिहून टाकलं की पळून गेला. इब्राहीम म्हणाला, पळणारा माणूस चार्जर आणि बायकोसाठी घेतलेलं घड्याळ सोडून जातो होय? वरचा बर्थ अजून रिकामा आहे. त्यावर कोणी झोपायला तयार होत नाही.

मी त्याला पिशवीबद्दल काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

२१ डिसेंबर, शनिवार

ड्यूटीनंतर राजाभाऊंच्या खोलीवर गेलो आणि पिशवी टेबलावर ठेवली. ते उठले. दार लावून आले आणि जमिनीवर बसले.

"धुकं होतं रे. धडकल्यावरच कळलं. मी उतरलो. तो बोलत होता."

मी विचारलं, काय बोलत होता?

"पाणी मागत होता. मराठीत." त्यांनी डोळे मिटले. "मी पळालो, भागवत. तासाभराने परत गेलो, तर तो तिथं नव्हता. सरपटत कुठं गेला असंल, मला नाही माहीत. दोन पोरींची लग्नं व्हायचीत. मार्चमध्ये मी कायमचा गावाकडं चाललो. तुझ्या पाया पडतो."

खरंच पाया पडले. ज्यांनी मला इथे आणलं, ज्यांच्याखेरीज इथे माझं कोणी नाही, ते. मी त्यांना उठवलं. कोणाला सांगणार नाही म्हणालो.

२२ डिसेंबर, रविवार

आज सुट्टी टाकली. राजाभाऊ जाळून टाक म्हणाले होते. जाळवेना. कचऱ्यातही टाकवेना. जिथे होतं तिथेच, रिफ्लेक्टरच्या मागे ठेवलं आणि वरून काच बसवली. पक्की खाच, नवा गोंद, चारही बाजूंनी चिमटे. इतकं सुबक काम मी आजवर केलं नसेल.

हात तीनदा धुतले. जेवलो नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

तपासणी पास. गाडी माझ्या नावावर झाली.

संध्याकाळी डाव्या दिव्याच्या काचेवर आतून वाफ. सील तपासलं, सुई जायला जागा नाही. वाफ येते, विरते, पुन्हा येते. मी घड्याळ लावून बसलो. मिनिटाला बारा वेळा.

माणूस श्वास घेतो तशी.

२७ डिसेंबर

राजाभाऊ फोन उचलत नाहीत. कारखान्यात मान फिरवून जातात. कंपनीच्या बसने जावं म्हटलं तर त्यांच्यासमोरच बसावं लागेल. म्हणून गाडीच नेतो.

तो आता रस्त्याच्या मधोमध असतो. मी त्याच्यातून जातो. धडक बसत नाही. फक्त गाडी जरा जड होते.

३० डिसेंबर

शालूने विचारलं, घसा बसलाय का, बोलत का नाही. तिला काय सांगू. तिच्याशी बोलताना मागे अंगणात — गाडी बंद होती, किल्ली माझ्या खिशात — डावा दिवा मंद पेटलेला. उजेड थेट माझ्या दारावर. त्यात सावली.

१ जानेवारी

झोप नाही. दाराच्या फटीतून वाफ आत येते.

राजाभाऊ काल रातोरात गावी गेले. मार्चला जायचे होते. मला एका शब्दानेही —

म्हणजे आता फक्त मी. हे माहीत असलेला इथे मी एकटा.

३ जानेवारी, शुक्रवार

पोलिसांत जायला निघालो, म्हणून वही बरोबर घेतली. सापडली तर समजावं. मेलेल्याचं नाव सुदाम, बीडकडचा. इब्राहीम ओळखेल. धडक राजाभाऊंची. लपवलं मीही.

पहाटेचं धुकं. वकऱ्याच्या पुढे आलो. पोलीस चौकी मागे राहिली होती, मी वळलोच नाही — स्टिअरिंग वळेना —

तो उभा होता. या वेळी मी त्याच्यातून गेलो नाही, थांबलो.

तो वाळूत चालू लागला. दिवे चालू ठेवून मागे गेलो. पाईपलाईनच्या भरावामागे, दोनशे पावलांवर. बूट दिसला. मग बाकीचं. निळा कपडा अजून तसाच आहे.

पोलिसांना फोन केला. जागा विचारली. म्हणालो, गाडीचे दिवे चालू आहेत, लांबून दिसतील.

बसून लिहितोय. मोबाईलच्या उजेडात.

उजवा दिवा विझला.

आता डावाही. रस्ता कुठल्या बाजूला होता? सायरन ऐकू येतो, पण सगळीकडून. मी ओरडलो. धुक्यात आवाज जात नाही. पुढ्यातच पडतो.

मला वाटलं होतं, त्याला सापडायचंय. तसं नव्हतं —

तो शेजारी येऊन बसलाय. गार आहे. वर्षभर कोणाशी बोललो नाही म्हणतो. गाव कोणतं तुमचं, विचारतोय. मी सांगितलं. हसला. म्हणाला, मग काय घाई आहे, सावकाश सांगा, आता आपल्याला —