खुंटा विरुद्ध चकवा: माझ्यामागे करायची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा बॉक्सिंगचे ग्लोव्हज शिवणे व दुरुस्त करणे, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, हे लिहून ठेवते. शुद्धीचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. पहिल्या दाखल्यात "वयोमानाप्रमाणे ठीक" असं लिहिलं होतं. त्यातलं "वयोमानाप्रमाणे" मी काढायला लावलं, कारण उद्या त्या एका शब्दाला धरून कोणीतरी कोर्टात जाईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

हे वाचणाऱ्या वकीलसाहेबांना खेळातलं काही कळत नाही (म्हणूनच त्यांना नेमलं), तेव्हा थोडी ओळख. माझे वडील त्यांच्या काळचे चॅम्पियन. एकदा पाय रोवले की हलत नसत, म्हणून लोक त्यांना खुंटा म्हणत. माझे यजमान त्यांचेच शिष्य आणि पुढच्या पिढीचे चॅम्पियन. ठोसा पोचेपर्यंत जागेवर नसायचे, म्हणून ते चकवा. दोघं भर उमेदीत समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं, या प्रश्नावर इथे तीन पिढ्या भांडल्या. न्हाव्याच्या खुर्चीत मानेवर वस्तरा असलेला माणूससुद्धा हात वर करून मत देतो.

कलम १. राहत्या दोन खोल्या व दुकान दोन्ही मुलांना समाईक. मध्ये भिंत घालायची नाही. थोरला येतो तेव्हा गप्पा मारता मारता पावलं मोजतो, हे मला दिसतं. त्याला आपला बॉक्सिंगचा हॉल माझ्या न्हाणीघरापर्यंत वाढवायचा आहे. विचारलं तर म्हणतो, "आई, शतपावली करतोय." शतपावली करणारा दाराशी येऊन आकडा पुटपुटत नाही.

कलम २. बँकेतली ठेव दोघांत सारखी. धाकटा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, त्यामुळे माणसाच्या आत काय आहे ते न विचारता बघायची त्याला सवय. माझ्याकडे आला की फोन टेबलावर पालथा ठेवतो आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतो, "आई, आजोबांचा उजवा हात आधीच गेला होता ना?" पालथा फोन माझं बोलणं टिपून घेतो, ते मला कळतं. त्या फोनसाठी मी एकदा पाऊण तास कांद्याच्या भावावर बोलले.

कलम ३. शिवणाचं मशीन, आऱ्या, मेणाचा दोरा आणि कातड्याचे कागदी साचे धाकट्या सुनेला. सुरुवातीला मला वाटलं, ही माझ्याशी गोड बोलते ती नवऱ्याने पाठवली म्हणून. वर्षभर पारखली. तिला खरोखरच टाके आवडतात. चुकीचा संशय घेतल्याबद्दल मी तिची इथे लेखी माफी मागते. तोंडी जमलं नाही.

कलम ४. बाबा आणि यजमानांवर पुस्तक लिहायला निघालेल्या वार्ताहराला काही नाही. दर आठवड्याला सफरचंदं आणायचा आणि म्हणायचा, "बाई, तुम्ही तर दोघांनाही जवळून पाहिलंय." सफरचंदं मी खाल्ली. पुस्तकाला लागणारं एक वाक्यही दिलं नाही.

कलम ५. हॉलमधल्या दोन फोटोंबद्दल. यजमान गेल्यावर थोरल्याने आजोबांचा फोटो वरच्या खिळ्याला आणि वडिलांचा वीतभर खाली लावला. त्याचं म्हणणं, आजोबांनी पंधरा राऊंड पातळ ग्लोव्हजनी काढले, बाबांना ते पाचव्यात झोपवतील. धाकट्याने खिळा उपटला. त्याचं म्हणणं, आजोबा हवेत ठोसे मारून दमले असते, "खुंटा तो खुंटा, चकव्याला शोधणार कुठे?" त्या दिवशी जे तोंड फिरवलं ते आज अकरा वर्षं. दोन मेलेल्या माणसांच्या न झालेल्या सामन्यापायी माझी दोन जिवंत मुलं एकमेकांच्या आजारपणालाही गेली नाहीत. माझ्या पोटात याचं दुःख आहे आणि ते मी कोणाला दाखवलं नाही, कारण मला खरं बोलावं लागलं असतं.

म्हणून पुढचं कलम दोघं एका खोलीत असतील तरच वाचावं. थोरला "हॉलवर कोणी नाही" म्हणून उठेल, धाकट्याला फोन येईल. उठला की वाचणं थांबवावं आणि बसला की पुन्हा सुरू करावं.

कलम ६. तो सामना झाला होता.

बाबा सत्तेचाळीस वर्षांचे, यजमान पंचविसाचे. लोकांच्या बोलण्याला दोघंही कंटाळले होते. एका दुपारी शटर ओढून तीन राऊंड ठरले. घंटा आणि घड्याळ माझ्याकडे, कारण तिसरं कोणी नको होतं. थोरल्या, तू तेव्हा पोटात होतास. दुसरा महिना, आणि मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

दोन राऊंड बरोबरीचे गेले. तिसऱ्यात बाबा डगमगले. यजमानांनी दोन्ही हात खाली घेतले आणि म्हणाले, "उस्ताद, बरे आहात ना?" मी नऊ वर्षांची असल्यापासून रिंगच्या कडेला बसून टाके घालत आले. बाबांचा खरा तोल गेला तर उजवा पाय मागे जाई. सोंग असलं तर डावा गुडघा वाके. डावा वाकला होता. समोर यजमानांची हनुवटी उघडी. मी घंटा वाजवली. चाळीस सेकंद बाकी होते.

यजमान घरी येऊन म्हणाले, "थोडक्यात सोडलं मी त्यांना. बोलू नकोस कुठे, उस्तादांना लागेल." मी मान डोलावली. मरेपर्यंत ते त्याच समजुतीत राहिले.

बाबांच्या अंगात राऊंडची तीन मिनिटं मुरलेली होती. त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं, बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तुझं घड्याळ पुढे जातंय." त्यानंतर त्यांनी मला घंटेला हात लावू दिला नाही. पुढची एकोणीस वर्षं जावई त्यांना हात धरून जिना उतरवायचे, जिंकलेल्या माणसाच्या मायेने, आणि बाबा उतरायचे. खरं काय ते त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. मी त्यांची मुलगी, आणि मीच त्यांना गप्प बसायला लावलं. त्यांची माफी मागायची होती. दरवेळी वाटे, यजमान ऐकत असतील.

तो ठोसा बसला असता की यजमान चुकवून गेले असते, हे मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही, कारण मी ते होऊ दिलं नाही. तेव्हा तुमचे आजोबा जिंकले नाहीत आणि तुमचे बाबाही जिंकले नाहीत. अकरा वर्षं तुम्ही ज्याच्यासाठी भांडलात ते मी चोरलं होतं आणि तुम्हाला भांडताना बघत होते.

आता वकीलसाहेबांनी बाहेर जावं आणि दार लावून घ्यावं. तुम्ही दोघं बसा. माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, फक्त एकमेकांशी बोलून रागवा.

सही: ग्लोव्हजवाली

साक्षीदार, दोघांनीही आयुष्यात एकही सामना पाहिलेला नाही याची मी खात्री करून घेतली आहे:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. शेजारचा कुलूपवाला (सही, कलम ६ वाचू दिलेलं नाही)

ठिकाण: दुकानामागची खोली, दार आतून बंद
दिनांक: १७ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा