दोन खांब आणि एक झेंडा

११ मार्च, शनिवार

उद्या रग्बीची फायनल. निळे विरुद्ध पिवळे. रेफरी म्हणून दाताच्या डॉक्टरला घेतलंय आणि बाजूच्या रेषांवर झेंडे घेऊन आम्ही दोघं, मी आणि माझा साडू. खरं तर शिट्टी मलाच मिळायला हवी होती. अख्ख्या असोसिएशनला हे माहीत आहे, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. असो. पुढच्या सीझनला मिळेलच. परवा सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले, त्याचा दुसरा काही अर्थ होऊ शकत नाही.

नजरेच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. इतकी वर्षं दारं-खिडक्या बसवतोय. चौकट केसभर कलली तरी मला रस्त्यावरून दिसते. साडू धंद्यात माझा पार्टनर, पण बुडबुड्याची लेव्हल लावून सरळ आहे का बघितल्याशिवाय एक स्क्रू फिरवणार नाही. आत्मविश्वास कमी, दुसरं काय.

संकल्प: उद्या डोकं शांत ठेवायचं. कुणी काही ओरडलं तरी ऐकू आलं नाही असं दाखवायचं. आज लवकर झोपायचं.

झेंडा वर करण्याचा सराव करताना बेडरूमचा बल्ब फुटला. बायको म्हणाली, बरं झालं, तुम्हाला लवकर झोपायचंच होतं.

१२ मार्च, रविवार

निळे १९, पिवळे १८. आणि तो एक पॉइंट माझ्या नजरेचा.

सविस्तर लिहून ठेवतो, कारण लोक उद्यापासून वाट्टेल ते बोलणार.

पहिला हाफ. पिवळ्यांच्या पोराने कोपऱ्यात चेंडू टेकवला. ट्राय, पाच पॉइंट. माझा झेंडा वर! पाय रेषेवर पडला होता. बुटाला चुना लागलेला मी स्वतः बघितला. ट्राय रद्द. पिवळे अंगावर आले. तो पोरगा म्हणतो, चुना वॉर्म-अपपासूनच लागलेला होता. आता मी प्रत्येकाच्या बुटाची जन्मकुंडली मांडत बसू का?

शेवटचं मिनिट. पिवळे १८, निळे १६. डॉक्टरने निळ्यांना पेनल्टी दिली. (पिवळ्यांच्या मते तीही चुकीचीच. त्यांना सगळंच चुकीचं वाटतं.) किक दोन्ही खांबांच्या मधून, आडव्या दांडीवरून गेली की तीन पॉइंट. अशा वेळी झेंडेवाल्यांनी एकेका खांबामागे उभं राहायचं आणि किक आत असेल तर झेंडा वर करायचा. मी उजव्या खांबामागे, साडू डाव्या. चेंडू उडाला तो खांबाच्या टोकाच्याही वर, आणि सरळ माझ्या रोखाने आला. माझा हात आपोआप वर गेला. विचारसुद्धा करावा लागला नाही. अनुभव म्हणतात तो हाच.

साडूचा झेंडा खाली!

डॉक्टरने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी चेंडूच्या जवळचा, म्हणून माझं धरलं आणि शिट्टी मारली. निळ्यांनी मैदानभर नुसता धिंगाणा घातला. नंतर चेंडू कुठे पडला ते माझ्या लक्षात नाही. ते महत्त्वाचंही नाही.

कपडे बदलताना साडूने एकच विचारलं, तू बघितलंस का? बघितलंस का म्हणजे? मी काय तिथे हवा खायला उभा होतो? मी म्हटलं, तुला काय म्हणायचंय, बाहेरून गेला? तो काही बोलला नाही. म्हणजे बाहेरून गेला असंच त्याचं म्हणणं. शिट्टीवर डोळा आहे त्याचा, आज कळलं.

१३ मार्च, सोमवार

संकल्प: मॅचबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मौन हेच उत्तर.

चहावाल्याला थोडक्यात समजावून सांगितलं. पोस्टमनलाही, कारण त्यानेच विषय काढला. (पत्र देऊन तो तसाच उभा होता. म्हणजे काढलाच.) समोरच्या बाईंना रेषा आणि बुटाचा भाग सांगून झाला, पेनल्टीपर्यंत येण्याआधी त्यांचं दूध उतू गेलं.

दुपारी दवाखान्याचं काम. नवीन इमारत, सगळ्या खिडक्या आमच्याकडे. मोठी काच दोघांनी धरून जिन्यावरून न्यायची. एरवी पुढचा माणूस बोलत राहतो, पायरी आली, वळतोय, जरा उचल. आज पुढे मी होतो आणि मी साडूशी बोलत नव्हतो. वळणावर त्याची बोटं भिंत आणि काचेच्या मध्ये सापडली. तो ओरडला. मी तरीही मौन सोडलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१५ मार्च, बुधवार

बेकरीवाल्याचा पुतण्या पिवळ्यांकडून खेळतो. आज त्याच्या दुकानाच्या दाराचं माप घ्यायला गेलो तर बेकरीवाला म्हणाला, दार तुमच्या नजरेने नको, लेव्हल लावून बसवा. चारचौघांत. गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मी गालातल्या गालात हसून दाखवलं आणि निघालो. टेप तिथेच राहिली. आता आणायला जाणं बरं दिसणार नाही.

घरी येऊन डायनिंग टेबलवर दोन बाटल्या ठेवल्या, एक बटाटा घेतला आणि बायकोला कोन समजावून दिला. तिला खुर्चीत बसवलं, म्हणजे रेफरी. बटाटा बाटलीच्या आतल्या बाजूने गेला, अगदी रविवारच्या किकसारखा, आणि पुढे कपाटाच्या काचेतून आत गेला. मुद्दा सिद्ध झाला. बायको म्हणाली, काच कोण बसवणार? म्हटलं, घरात काचवाला आहे. ती म्हणाली, तुम्ही नको, तुमच्या पार्टनरला बोलवा.

दोघी बहिणी फोनवर रोज तासन्‌तास बोलतात, जसं काही घडलंच नाही. यांना तत्त्वाचं काही पडलेलं नसतं.

१७ मार्च, शुक्रवार

पिवळ्यांनी रीतसर तक्रार केली. २६ तारखेला कमिटीपुढे सुनावणी, दोन्ही झेंडेवाल्यांना बोलावलंय. उत्तम. मला हेच हवं होतं.

साडू संध्याकाळी गोडाऊनवर आला. म्हणाला, कमिटीला एवढंच सांग की मला नीट दिसलं नाही. विषय संपेल, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, मला दिसलं. तो म्हणाला, तू बघितलंस? पुन्हा तेच! मी म्हटलं, तुला जमत नसेल माझ्याबरोबर, तर हो वेगळा. हे मी असंच म्हटलं होतं. त्याने पुट्टीच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं. मग म्हणाला, ठीक आहे, दवाखान्याचं काम संपलं की मी वेगळं बघतो.

मी म्हटलं, आनंदाने.

आनंदच आहे. इतकी वर्षं तो माझ्या प्रत्येक चौकटीला लेव्हल लावून बघतोय. आता सुटलो. रात्री जेवण गेलं नाही, पण ते दुपारच्या ॲसिडिटीमुळे.

२० मार्च, सोमवार

नव्या युगाचा पहिला दिवस. दवाखान्याचं काम सोडून बाकी सगळं आतापासून वेगळं. एका घरातली बाथरूमची खिडकी एकट्याने बसवली. लेव्हल नाही, काही नाही, निव्वळ नजर. झकास बसली. फक्त लागत नाही. घरमालकीण म्हणाली, वरच्या कोपऱ्यातून आभाळ दिसतंय. मी सांगितलं, तुमची भिंत तिरकी आहे. ती म्हणाली, भिंत तुमच्या आधीपासून आहे आणि जुनी खिडकी लागत होती. अशा लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग काच एकट्याने नेली. गल्लीत वारा होता. फार लिहीत नाही. काच गेली.

वाटेत एक-दोनदा तोंडातून आपसूक निघालं, पायरी आली. मागे कुणी नव्हतं.

२२ मार्च, बुधवार

मेहुणी, म्हणजे बायकोची ताई आणि साडूची बायको, आली होती. म्हणाली, भाऊजी, तुम्ही दोघं लहान मुलांसारखं काय लावलंय हे? हे घरात धड जेवत नाहीत, नुसते खिडकीत उभे राहतात. मी म्हटलं, त्याला सांग, चूक कबूल केली तर मी मोठ्या मनाने माफ करीन. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला उगीच घसा खाकरावा लागला. मग म्हणाली, चूक कुणाची म्हणता? आणि बायकोकडे आत गेली.

माझ्या मनात साडूबद्दल राग नाही. कीव आहे. समोरून चेंडू जातो आणि माणसाला दिसत नाही, किती वाईट.

२४ मार्च, शुक्रवार

आनंदाची बातमी! बेकरीवाल्याने शेवटच्या किकचा व्हिडिओ काढला होता, मैदानाच्या शेजारच्या गच्चीवरून. तो कमिटीला देणार म्हणे. पिवळ्यांना वाटतंय मी घाबरेन. मी स्वतः सेक्रेटरींना फोन केला आणि सांगितलं, व्हिडिओ दाखवाच, भिंतीवर मोठा करून दाखवा, बाहेरच्यांनाही बसू द्या. ते म्हणाले, तुम्ही बघितलाय का तो? मी म्हटलं, मला गरज नाही, मी प्रत्यक्ष पाहिलंय.

भाषण तयार केलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. शेवटी साडूकडे वळून खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्या मनात काही नाही. इथे बहुधा टाळ्या पडतील, तेव्हा जरा थांबायचं.

जॅकेट इस्त्रीला दिलं.

२६ मार्च, रविवार

असोसिएशनच्या ऑफिसात व्हिडिओ दाखवला. भिंतीवर. मोठा करून. बाहेरचेही बसले होते.

चेंडू त्यात दिसतच नाही. किक बसते आणि चेंडू वर निघून जातो, चित्राबाहेर. खाली खांब दिसतात. उजव्या खांबामागे एक माणूस आहे. तो वर बघतो. मग पाठ फिरवतो, खाली बसतो, डोकं कोपरात घालतो आणि दुसरा हात डोक्यावर धरतो. छत्री धरावी तसा. त्या हातात झेंडा आहे.

तीनदा लावला. दुसऱ्यांदा सगळे हसले. डॉक्टरने रुमालाने तोंड झाकलं. बेकरीवाला म्हणाला, पुन्हा लावा. मी उभा होतो. भाषण खिशात होतं.

साडू उठला आणि म्हणाला, बंद करा ते. इतक्या मोठ्याने तो कधी बोलत नाही. सेक्रेटरींनी त्याला विचारलं, तुम्ही झेंडा वर केला नाहीत, म्हणजे किक बाहेरून गेली ना? पिवळे पुढे सरकून बसले. त्याने हो म्हटलं असतं तर निकाल उलटला असता. तो म्हणाला, मला सांगता येणार नाही.

निर्णय: मैदानावर रेफरीने दिलं तेच कायम. १९-१८. पुढच्या सीझनला आम्हा दोघांनाही झेंड्यावर घेणार नाहीत. जिन्यात सेक्रेटरी मला म्हणाले, तुमच्या साडूला शिट्टी द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, आता कठीण आहे.

म्हणजे निकाल माझ्याच बाजूने लागला. माझाच निर्णय कायम राहिला.

हे वाक्य पुन्हा वाचलं. लाज वाटली. मला खरंच आठवत होता हो, चेंडू आतून जाताना. अजूनही आठवतो.

२७ मार्च, सोमवार

दवाखान्याची शेवटची काच. सगळ्यात मोठी, तिसऱ्या मजल्यावरची. पुढे साडू, मागे मी. तो नेहमीसारखा बोलत होता, पायरी आली, वळतोय, जरा उचल. मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर बोललो. म्हटलं, मला दिसलं नव्हतं.

तो म्हणाला, माहीत आहे. डावीकडे घे.

काच भिंतीला टेकवली. दम खाल्ला. म्हटलं, तू काल माझ्यासाठी खोटं बोललास, मला कळलं. शिट्टी घालवलीस. आता आपण दोघंच आहोत, खरं काय ते सांग. आतून गेला की बाहेरून?

साडू म्हणाला, खोटं कुठे बोललो? मी चेंडू बघितलाच नाही. तू असा खाली बसलास, मला वाटलं आता लागतोय तुझ्या डोक्यात. मी तुझ्याकडे बघत होतो.

मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू विचारलंस कधी? मी तर तुला दोनदा विचारलं.

काच उचलली. बसवली. दवाखान्याचं काम संपलं की वेगळं व्हायचं होतं, त्याचं काय, हे विचारायचा धीर झाला नाही. जाताना तो म्हणाला, उद्या त्या बाथरूमच्या खिडकीचं बघू, बाईंचा मला फोन आला होता. बरं म्हटलं. डोळ्यात काहीतरी गेलं.

अख्खं मैदान भरलेलं, तीस माणसं जिवाच्या आकांताने खेळलेली, आणि चेंडू बघायला म्हणून ज्या दोघांना उभं केलं, त्यांतल्या एकाने डोळे मिटलेले आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसलेला.

हे कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. चहा पिताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, हो, ताईने मॅचच्याच संध्याकाळी सांगितलं होतं.