कपडे धुणाऱ्याचा रकाना

ती. ताई,

नमस्कार. एरवी मी तब्येतीची चौकशी रीत म्हणून करतो. या खेपेला खरंच विचारतो. भाऊजींनी लिहिलंय की तुझ्या बोटांना मुंग्या येतात, पेन धरवत नाही. डॉक्टरांनी काय काय विचारलं ते कळव. (काय सांगितलं ते नंतर.)

इकडे मी सुखरूप आहे, म्हणजे शुद्धीवर आहे. कुठलं कीटकनाशक सुरक्षित हे आमचं ऑफिस ठरवतं, आणि ठरवतं एका कागदावरच्या माणसावरून. हा तरणाताठा, साठ किलोचा. हातमोजे, मास्क, गमबूट घालून आठ तास फवारतो, एका वेळी एकच औषध वापरतो आणि बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचतो. वीस वर्षं त्याच्या भरवशावर मी शेरे मारले, पण तो कधी भेटला नाही. भाऊजींचं पत्र आल्यावर म्हटलं, आपणच तो होऊन बघू. भर दुपारी ऑफिसच्या गच्चीवर सगळा जामानिमा चढवला, पंपात साधं पाणी भरलं आणि कुंड्या फवारायला लागलो. विसाव्या मिनिटाला मास्क काढला, सव्विसाव्याला आडवा झालो. (कुंड्यांचं मात्र भलं झालं.)

ऑफिसच्या परवाना समितीपुढे हे मांडलं, तर एक सभासद म्हणाले, तुमचं वय आणि पोट नियमात बसत नाही. खरंच आहे. मग मी गच्चीवर घातलेला सदरा टेबलावर ठेवला. पंप कोरा करकरीत होता, तरी गळून पाठ चिंब झाली होती. विचारलं, "हा घरी गेल्यावर कोण धुतं?" भाऊजींचे फवारणीचे कपडे तू धुतेस. आमच्या चाळीस पानी अर्जात धुणाऱ्याला रकानाच नाही. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे आई धुवायची." आणि ठरलं, की ऊन, गळका पंप, मिसळलेली औषधं, धुणं, सगळं धरून तपासणी नव्याने करायची, पण आधी धुणाऱ्यांचं ऐकायचं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता.क. सुनावणी येत्या मंगळवारी अकरा वाजता आहे. तू ये. मी काही पढवणार नाही. किती कपडे, किती वर्षं, कशा हातांनी, एवढंच सांग.

आणखी ता.क. भाऊजी फवारतात त्या निळ्या बाटलीतल्या औषधाच्या परवान्यावर 'सुरक्षित' हा शेरा माझा आहे. समितीला हे पहिल्याच वाक्यात सांगितलं, तुला सांगायला पत्र संपावं लागलं. राग आला तरी ये. मी समोरच बसलेला असेन; माझ्याकडे बघून बोल.