दुर्बिणीवरची पांढरी रेघ

१२ सप्टेंबर १९४०, गुरुवार

धाकट्या सूर्याजीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. आग्र्याच्या डॉक्टरांनी आज नक्की सांगितलं. त्यांनी दोनदा तपासलं, मी तीनदा विचारलं. वर्षभरात पडदा पुरता येईल. तोवर काही करता येत नाही.

इथे लष्कर शहरात कुणाला सुगावा नको म्हणून आग्रा गाठलं. उषाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सांगितलं होतं की छापखान्याचा कागद बघायला जातो. परतीच्या गाडीत मुरैना गेल्यावर त्याने माझा हात धरला. मग म्हणाला, "दादा, भवानीची शपथ घे. पलटणीत कळता कामा नये."

घेतली. बेचाळीस वर्षांचा आहे, वीस वर्षं पलटणीला बंदूक शिकवतो. सगळे उस्ताद म्हणतात. असा माणूस अधू ठरून ओट्यावर बसलेला मला बघवणार नाही.

१५ सप्टेंबर

सूर्याजीचे कॅप्टन मानसिंगराव आज इंदरगंजला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आले. छापायचं नाही या अटीवर सांगितलं — दिवाळीनंतर पलटण समुद्रापार जाणार. कुठे, ते त्यांनाही ठाऊक नाही. नवे रंगरूट शिकवायला एकच उस्ताद मागे राहील. कोण, ते दसऱ्याच्या चांदमारीत, नेमबाजीच्या सामन्यात, ठरणार. यंदा बंदुकीवर दुर्बीण लावून नेम धरायचा. लढाईत तशा माणसांची मागणी आहे. पहिला येईल तो इथे राहील. बाकीचे जातील.

म्हणजे तो जिंकला पाहिजे. दुसरा मार्ग नाही.

एक आहे. डोळ्याचं सांगून टाकणं. पण शपथ!

१६ सप्टेंबर

कलकत्त्याच्या दुकानाची दुर्बिणींची यादी घेऊन दिवसभर बसलो. इंग्रजी मला वाचावं लागतं. सूर्याजी चित्रं बघतो. लढाईआधीचा माल, दोनच नग शिल्लक. एक आठ पट मोठं दाखवणारी, एक चार पट. तो आठवर अडून. म्हणतो, निशाणाचा मधला ठिपका परातीएवढा दिसेल.

मी समजावलं. जितकी मोठी तितकी चित्राला थरथर, आणि उजेड कमी. तुझ्या डोळ्याला उजेड हवा. उघड्या बंदुकीवर मागची खाच, पुढची माशी आणि निशाण, तिन्ही एकदम धरावं लागतं. तिथेच तुझं बिनसतंय. दुर्बिणीत एकच चित्र. चार पट पुरे.

यादी मिटत म्हणाला, "तू बातमी कापतोस तसा माणूसही कापतोस." पण तार चारचीच गेली.

२६ सप्टेंबर

दुर्बीण आली. उषा म्हणाली, बरं झालं, आता तरी तुमच्या भावाला विझलेली समई दिसेल. तो हसला. मला हसू आलं नाही.

२८ सप्टेंबर

शस्त्रागाराचे मिस्त्री दौलतसिंह यांच्याकडे सबंध सकाळ. बंदूक सूर्याजीची स्वतःची, दरबाराकडून बक्षीस मिळालेली, म्हणून घरी असते. दौलतसिंहांनी तिच्यावर लोखंडी बैठक बसवली, वर दोन कड्या, कड्यांत दुर्बीण. डोळ्यापासून बरोबर चार बोटं. जवळ ठेवली तर धक्क्याने भुवई फुटते. बंदुकीचा मागचा दट्ट्या काढून नळीतून समोरच्या भिंतीवरचा ठिपका बघितला, मग दुर्बिणीतली फुली त्याच ठिपक्यावर आणली. वर-खाली करायला दुर्बिणीवर चकती आहे. डावं-उजवं मात्र बैठकीच्या स्क्रूने. स्क्रू अर्धा केस फिरला तर दोनशे वारांवर वीतभर फरक.

मी बोट लावून बघायला गेलो तर म्हणाले, "बाबूजी, ये बंदूक है, अख़बार नहीं, कि इस हफ़्ते ग़लती छापी और अगले हफ़्ते माफ़ी माँग ली।"

४ ऑक्टोबर

चांदमारीचा सराव, मुरारच्या पलीकडे. सूर्याजीच्या पहिल्या पाच गोळ्या उजवीकडे, पण सगळ्या एका मुठीत. दौलतसिंहांनी स्क्रू हलवला. पुढच्या पाच मधोमध. रुपयाखाली झाकल्या गेल्या असत्या. त्याचाच चेला महिपतराव शेजारी होता, तोही चांगला मारतो. "उस्ताद, आता आम्ही बिस्तरे बांधायचे ना?" म्हणाला. सूर्याजी बंदूक पुसत राहिला.

तीन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

शस्त्रपूजा. थोरला म्हणून दरवर्षी मीच करतो. सूर्याजी उद्याच्या दसऱ्याच्या स्वारीच्या तयारीला पहाटेच गेलेला. वडिलांची रीत — शस्त्र सुटं करून पुसायचं, अंगावर काही ठेवायचं नाही. तलवारीची मूठ, कट्यारीचं म्यान, सगळं वेगळं. बंदुकीचंही तसंच. दुर्बीण कड्यांतून काढली, निराळ्या वस्त्रावर ठेवली. स्क्रूंवर कुठेतरी पांढरा चुना उडालेला होता, तो रॉकेलच्या बोळ्याने स्वच्छ केला. झेंडू, हळदकुंकू, नैवेद्य. मग सगळं जसंच्या तसं जोडलं. स्क्रू घट्ट आवळले.

उषा म्हणाली, यंदा भावजींनी फार मन लावून केली.

१३ ऑक्टोबर, रविवार

हरला.

दहा गोळ्या. सगळ्या एका तळव्याखाली, आणि सगळ्या निशाणापासून वीतभर डाव्या बाजूला, खाली. डोळा दगा देता तर विखुरल्या असत्या. हात दगा देता तर विखुरल्या असत्या. हा दुर्बिणीचा दोष.

महिपतराव पहिला. त्याने येऊन सूर्याजीच्या पायांना हात लावला. रडत होता.

मी तंबूच्या दोराला धरून उभा होतो तेव्हा ध्यानात आलं. तो चुना नव्हता. दौलतसिंहांनी स्क्रू आणि कडी यांच्यावरून ओढलेली रेघ होती — स्क्रू फिरला तर रेघ तुटते, कळतं. ती मी पुसली. स्क्रूच मी काढले. देवापुढे बसून.

१४ ऑक्टोबर

सकाळी त्याला सांगितलं. तो दाढी करत होता. आरसा खिडकीकडे वळवून, डाव्या डोळ्याने. ऐकून घेतलं. वस्तरा धुतला.

"असू दे, दादा. पूजा तर करायलाच हवी होती."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. उषाने सगळं ऐकलं होतं. तिने माझं ताट वाढलं आणि समोर न थांबता आत गेली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

अंक छापायला गेला. चांदमारीची बातमी मीच लिहिली. सहा ओळी. "श्री. महिपतराव प्रथम आले. नामांकित नेमबाज सूर्याजीराव यांना यंदा यश लाभले नाही." तीस वर्षांत एवढी सरळ बातमी लिहायला इतका वेळ लागला नव्हता.

पलटण चार नोव्हेंबरला निघणार. उषा लोकरी मोजे विणते आहे. कुठल्या देशासाठी, तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिकडे तो अर्ध्या डोळ्याने कुणाच्या तरी नेमासमोर उभा राहणार, आणि तिथे पाठवणारा मी.

१९ ऑक्टोबर

दौलतसिंहांची माफी मागायला शस्त्रागारात गेलो. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि माझ्याकडे विचित्र बघितलं.

सूर्याजी शनिवारी, म्हणजे चांदमारीच्या आदल्या दिवशी, बंदूक घेऊन त्यांच्याकडे आला होता. रेघ नाही हे त्याला बंदूक खुंटीवरून काढल्या काढल्या दिसलं. दोघांनी पुन्हा सगळं बसवलं. अकरा गोळ्या खर्चून. शेवटच्या पाच मधोमध. मग दौलतसिंहांनी नवी रेघ ओढली. पांढरा रंग संपला होता, म्हणून लाल.

मी म्हटलं, मग रविवारी?

त्यांनी कानस खाली ठेवली. त्यांनीही त्याला हेच विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मेरे सिखाए लड़के समंदर पार जाएँ, और मैं यहाँ गत्ते पर गोली मारूँ?"

घरी येऊन बंदूक खुंटीवरून काढली. लाल रेघ. चारही स्क्रूंवर, अखंड. सहा दिवस ती माझ्या डोक्यावर टांगलेली होती आणि मी बघितली नाही.

दहाच्या दहा गोळ्या त्याने वीतभर बाजूला, मुद्दाम, एका तळव्याखाली मारल्या. असा नेम त्याच्या उभ्या आयुष्यात नव्हता. आणि पाप माझ्या डोक्यावर राहू दिलं. मुद्दाम हरला हे कळलं असतं तर मी गप्प बसलो नसतो, डोळ्याचं सांगून टाकलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

२० ऑक्टोबर, रविवार

फूलबागेजवळ मानसिंगरावांच्या घरी जाऊन आलो. डोळ्याचं सांगितलं. आग्र्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. पलटणीतून नाव कापलं जाईल म्हणाले. पुढे शिकवायलाही नाही. शपथेचं त्यांना बोललो नाही.

उद्या आठला शिपाई बोलवायला येईल. नऊला पलटणीचे डॉक्टर तपासतील. सूर्याजी आत्ता अंगणात बुटांना पॉलिश करतो आहे. त्याला अजून माहीत नाही.