खाडीतून शाळेला

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

माझी प्रकृती चांगली आहे. शाळेची होडी रोज चालवतो.

गावप्रमुख वारले, म्हणून शोकाचे शंभर दिवस खाडीत होडी न्यायची नाही. सोमवारी मी ते विसरलो आणि मुलांना घेऊन तिथूनच गेलो. गावातले वडीलधारे इलाइतियाआजोबा म्हणाले, "आईनं काही शिकवलं नाही का रे तुला?"

मी त्यांच्यासमोर बसून, रिवाजाप्रमाणे यंगोनाची मुळी पुढे ठेवून माफी मागितली, पण उठलो नाही. "आजोबा, खाडीबाहेरच्या मोठ्या लाटांतून अकरा पोरं कशी नेऊ?"

"मग खाडीतूनच ने, पण इंजिन बंद ठेव. आवाज नको."

आता मी वल्हवतो. लहानगी मेरेओनी तोंडावर हात धरून बसते. माझे तळवे थोडे सोलले आहेत, पण शाळा एकाचीही बुडालेली नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? आजोबांना मी सांगितलं आहे, आईनं शिकवलं होतं, मीच विसरलो.

तुझा सेकोवे