लाल दिवा लागण्याआधी

प्रिय हेट्टी,

माझं पत्र बघून घाबरू नकोस. गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. परसातल्या वाफ्यात यंदा कोबी असा धरलाय की शेजारचा आर्नल्ड कुंपणावरून बघून नुसते सुस्कारे टाकतो. फोन न करता पत्र का लिहिलं ते पुढे येईलच, आधी मुद्द्याचं सांगतो. आपल्या त्या पडद्यावरच्या शूर मेजर ब्रँटच्या नव्या चित्रपटात पहिला ट्रम्पेट वाजवायला तुला लंडनला बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालीस, हे मला कळलं. कुणाकडून कळलं ते ऐकशील तर कपाळाला हात लावशील. चित्रपटाची संगीतकार टॅम्सिन पॅस्को, ती स्वतः सांगून गेली, माझ्याच स्वयंपाकघरात बसून. तुझी खुर्ची तिने शुक्रवारपर्यंत मोकळी ठेवली आहे, आणि आज सोमवार.

तू का नाही म्हणालीस हे मला विचारायची गरज नाही. मार्चमध्ये तो वर्तमानपत्रवाला आला आणि मी चाळीस वर्षं फुंकलेली ब्रँटची सुरावट नव्या चित्रपटातून जवळजवळ हद्दपार होणार, यावर तुमचं काय म्हणणं म्हणून त्याने मला विचारलं. माझं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. "ब्रँटमधून ट्रम्पेट काढणं म्हणजे रविवारच्या जेवणातून ग्रेव्ही काढणं. ज्या बाईला हे सुचलं तिला कान तरी आहेत का?" असं मी म्हणालो आणि त्याने ते जसंच्या तसं छापलं, माझ्या फोटोसकट. पबमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही दोन दिवस छाती काढून हिंडलो. तू ते कात्रण फ्रिजवर लावलंस, हे तुझ्या धाकट्याने मला सांगितलं. बापाचा अपमान तो माझा अपमान, असं तू धरून बसलीस. पोरी, तुझा हा कडवेपणा तू माझ्याकडूनच घेतला आहेस, म्हणून रागावताही येत नाही.

गेल्या मंगळवारी दाराची घंटा वाजली. दारात एक चाळिशीची सडसडीत बाई, पाठीवर भलं मोठं ओझं आणि हातात केशर घातलेल्या गोड पावांची पिशवी. ती कॉर्नवॉलची आहे, तिकडचे लोक असले पाव घेतल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाहीत म्हणे. नाव सांगितल्याबरोबर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दारातच विचारलं, "माफी मागायला आलीस का?" तर म्हणाली, "नाही, मिस्टर बॅरक्लॉ, चहा प्यायला आलेय. माफीचं पुढे बघू, कुणी कुणाची मागायची ते." मी चहा टाकला. तिने माझ्यासारखंच कपात दूध आधी ओतलं, तेव्हाच मी ओळखलं की ही बाई वाटते तेवढी वाईट नाही.

ब्रँटचे सगळे जुने चित्रपट तिने डोळे मिटून ऐकलेत, पडद्याकडे न बघता. मला म्हणाली, "ब्रँट छपरावरून उडी मारायच्या आधीच तुमचा ट्रम्पेट सांगून टाकतो की हा पडणार नाही. संगीताला शेवट ठाऊक असतो. मग मी कशाला घाबरू?" मी म्हटलं, "लोक घाबरायला येत नाहीत, पोरी. लोक छाती फुगवायला येतात." त्यावर तिने पावाचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाली, "चाळीस वर्षं फुगवून झाली की. आता त्याला श्वास सोडू दे." हेट्टी, तिचं खरं होतं. एवढी वर्षं मी त्या खुर्चीत बसलो, किती संगीतकार आले नि गेले, प्रत्येकाने आधीच्यापेक्षा जास्त ट्रम्पेट मागितले. ब्रँट म्हातारा झाला, नट बदलले, आणि आम्ही आपले दर वेळी अधिक जोरात फुंकत राहिलो. ब्रँट आतून कोण आहे हे एकानेही विचारलं नव्हतं. तिला असं संगीत लिहायचं होतं ज्याला पुढे काय होणार हे ब्रँटइतकंच ठाऊक नसेल. हे मला का सुचलं नाही, असं वाटून मला जरा हेवाच वाटला.

मग तिने ओझं सोडलं. आत कागदांची चळत आणि एक लहानसा स्पीकर होता. पहिल्या चित्रपटाच्या वेळच्या मूळ ध्वनिफिती तिने स्टुडिओच्या कोठारातून काढून घेतल्या होत्या. त्या फिती याआधीही लोकांनी ऐकल्यात, पण सगळे ऐकतात ते मुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागल्यानंतरचं, म्हणजे जे चित्रपटात जातं ते. हिने दिवा लागण्याआधीचंही सगळं ऐकलं. खुर्च्या सरकवणं, कुणाचं तरी घोड्यांच्या शर्यतीवरून चाललेलं भांडण, माझा खोकला. तुला आपली रीत ठाऊक आहे. दिवा लागेपर्यंत जे वाजवशील ते कुणाचंच नसतं, कुणी कान देत नाही, आपण नुसते ओठ गरम करत असतो. ध्वनिमुद्रण करणारा फीत चालू ठेवून बसला असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

इथे फोनचं सांगून टाकतो. मला ऐकू येईनासं झालंय, हेट्टी. पाठीमागे ट्रॉम्बोन आणि बाजूला ढोल घेऊन जन्म काढला, त्याचं हे भाडं. समोर बसलेल्याचं मी ओठ बघून ओळखतो, पण फोनवर मला तुझा नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत, म्हणून मी "वा, छान" म्हणत राहतो. तुमची गाडी चोरीला गेली तेव्हा मी तुझं अभिनंदन केलं, हे मला नंतर आर्नल्डच्या बायकोने सांगितलं. कानात घालायचं यंत्र डॉक्टरांनी दिलंय, ते मोज्यांच्या खणात पडून आहे. लाज वाटते, दुसरं काय? पण ट्रम्पेटचा मधला आवाज मला अजून येतो. मी स्पीकर ओढून घेतला, त्याच्यावर हात ठेवला आणि कान टेकवला.

तो मीच होतो. ब्रँटचीच सुरावट, पण हळू आणि मऊ, आपल्या गावच्या खाणकामगारांचा बँड कबरीपाशी वाजवतो त्या चालीत. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे कुणीही श्वास घेणार नाही तिथे, माझा श्वास तुटतो. क्षणभर काहीच नाही. मग मी पुन्हा सूर धरतो आणि शेवटापर्यंत जातो. त्यानंतर कुणीतरी ओरडतं, दिवा लागतो, आणि सगळ्या जगाला पाठ आहे तो बडेजाव सुरू होतो. टॅम्सिन म्हणाली, "इतक्या चित्रपटांत सगळ्यांनी ब्रँटचा कोट वाजवलाय. आतला माणूस एवढ्या या तुकड्यातच आहे." तिने सगळं संगीत त्या एका तुकड्यावर उभं केलंय. पूर्ण सुरावट अख्ख्या चित्रपटात एकदाच येते. ब्रँटचा सोबती मेलेला असतो, तो एका ओसाड फलाटावर एकटा बसलेला असतो, आणि तिथे फक्त एक ट्रम्पेट. तिने मला स्वरलिपी दाखवली. माझा श्वास जिथे तुटला होता तिथे तिने श्वास घ्यायचं एक छोटंसं चिन्ह काढलंय. माझी चूक तिने दुरुस्त केली नाही, लिहून ठेवली.

अजून ऐक. तो तुकडा वाजवताना कानातल्या हेडफोनमध्ये ठेक्याची टिकटिक नसणार. आपण जन्मभर एका कानात ती घड्याळासारखी टिकटिक घेऊन बसलो, कारण चित्र आधीच कापून जोडलेलं असायचं आणि आपल्याला त्याच्यामागून फरफटत जावं लागायचं. ही बाई दिग्दर्शकाशी तीन आठवडे भांडली. शेवटी त्याने मान्य केलं की आधी ट्रम्पेट वाजेल आणि मग त्या श्वासाच्या मापाने चित्र कापलं जाईल. वाजवणाऱ्यासाठी कुणी पडदा थांबवला, असं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिला कान आहेत का, असं मी छापून आणलं होतं! मी तिची माफी मागितली, ती मिळाली आणि उरलेले पावही मिळाले.

मी तिला म्हटलं, लंडनमध्ये चांगली पोरं पडली आहेत, दोन नावं देतो. तुझं पूर्ण नाव घेऊन ती म्हणाली, "मला हेस्टरच हवी." गेल्या हिवाळ्यात ग्लासगोला तिने तुला ऐकलं होतं, एवढ्या हळू वाजवणारं दुसरं कुणी तिला माहीत नाही. तू माझी मुलगी आहेस हे तर तिला तुझा नकार आल्यावरच कळलं. तेव्हा बापाच्या नावावर बोलावणं आलं असं मनात आणू नकोस. जाताना तिने मला एकच विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? मी म्हटलं, काही नाही, ओठ गरम करत होतो. तिला ते पटलं नाही, पण तिने ताणलंही नाही. खरी गोष्ट आधी तुला सांगायला हवी, म्हणून तिला सांगितली नाही.

त्याच्या आदल्या दिवशी आम्ही ती सुरावट पहिल्यांदा वाजवली होती. संध्याकाळी मी थेट इस्पितळात गेलो. तू दिवस भरायच्या किती तरी आधी आलीस, एका काचेच्या पेटीत होतीस, आणि तुझी आई म्युरिएल तापाने बेशुद्ध होती. तिला पुढे त्या दिवसांबद्दल बोललेलं कधी खपायचं नाही, म्हणून तुला कुणी पुरतं सांगितलं नाही. पेटीला हात घालायला एक गोल भोक होतं. नर्स म्हणाली, "बोला तिच्याशी, मिस्टर बॅरक्लॉ, त्यांना आवाज लागतो." मला काय बोलता येतंय? डोक्यात त्या दिवसाची ती एकच सुरावट अडकली होती. मी तीच गुणगुणलो, हळू, बाकीची पोरं झोपली होती म्हणून. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तू मूठ उघडलीस आणि माझं बोट धरलंस, आणि माझ्याने पुढे गुणगुणवेना. सकाळी स्टुडिओत बसलो तेव्हा संध्याकाळी तू असशील की नाही हे मला ठाऊक नव्हतं. ओठ गरम करायला तेच आलं, तसंच आलं, आणि त्याच जागी तुटलं. तेव्हा माझी म्हणून जी सुरावट वाचवायला तू निघालीस, ती ब्रँटच्याही आधी तुझी आहे, आणि ती बाई ती तुलाच परत द्यायला बोलावते आहे. शुक्रवारच्या आत हो म्हण. मी यंत्र कानात घालून मागच्या रांगेत येऊन बसेन, वचन देतो. तुझी छाती माझ्यापेक्षा दांडगी आहे, ती ओळ तू एका दमात काढू शकशील हे मला माहीत आहे. पण त्या चिन्हापाशी आलीस की मुळीच पुढे जाऊ नकोस, बाळा. तिथे थांब आणि श्वास घे.

तुझाच,
डॅड